शुद्ध करता करता हरवलेलं संयुग: फ्युरान आणि मलेइक अॅनहायड्राइडच्या एका प्रॅक्टिकलचा अभ्यास

पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. ऑरगॅनिकच्या मुलांना डील्स-आल्डर अभिक्रियेचं एक प्रॅक्टिकल आहे. डाइन (एकाआड एक असे दोन दुहेरी बंध असलेला रेणू) म्हणून फ्युरान, डायनोफाइल (त्याच्याशी जुळणारा, दुहेरी बंध असलेला दुसरा रेणू) म्हणून मलेइक अॅनहायड्राइड; दोन्ही जुळून एक नवा रेणू बनतो. जुलैत हे प्रॅक्टिकल झालं तेव्हा तीन टेबलांवरून तीन वेगळे पांढरे पदार्थ निघाले. बाटल्या त्याच, कृती तीच. पहिल्या टेबलाचा मेल्टिंग पॉइंट ११४ ते ११६ अंश सेल्सिअस आला आणि वितळताना कॅपिलरीत बुडबुडे उठले. दुसऱ्या टेबलाचा चिकटसर पदार्थ पन्नाशी ओलांडताच वितळला. तिसऱ्याचा स्वच्छ, कोरडा पदार्थ १३० च्या पुढे गेल्यावरच हलला.

वर्गात शिकवणारी प्राध्यापिका माझी सहाध्यायी. तिने फोनवर सांगितलं ते एवढंच: "ज्यांनी सगळ्यात जास्त मेहनत घेतली, त्यांचंच सगळ्यात जास्त बिघडलंय. तू येऊन बघ." मी गेलो. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण डाइनच्या रसायनशास्त्रातली एक अत्यंत मूलभूत गोष्ट त्यात अशी उघडी पडली आहे की पाठ्यपुस्तकातली आकृती बघून ती क्वचितच लक्षात येते.

आधी कृती सांगतो. ४.९ ग्रॅम मलेइक अॅनहायड्राइड, म्हणजे ०.०५ मोल, डायएथिल इथरमध्ये विरघळवायचं. फ्रीजमधून काढलेलं थंड फ्युरान ४ मिली त्यात घालायचं. बूच घट्ट लावून फ्लास्क फ्युमहूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) बाजूला ठेवायचा, खोलीच्या तापमानालाच, आणि हलवायचा नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत तळाशी स्फटिक जमू लागतात. ते गाळून गार इथरने धुवायचे. अभिक्रिया शंभर टक्के पुढे गेली तर ८.३ ग्रॅम मिळायला हवेत, कारण दोन्ही रेणूंतला एकही अणू वाया जात नाही: ६८ अधिक ९८, बरोबर १६६. इथपर्यंत तिन्ही टेबलांचं काम चांगलं झालं होतं.

पुढे छापील कृतीत एक ओळ होती: "मिळालेला पदार्थ एथिल अॅसिटेटमधून रिक्रिस्टलाइझ करावा." म्हणजे गरम द्रावकात विरघळवून, गार करून पुन्हा शुद्ध स्फटिक पाडायचे. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी अशी ओळ असतेच, द्रावकाचं नाव तेवढं बदलतं. पहिल्या टेबलावरच्या मुलांची बस होती म्हणून त्यांनी ही पायरी केलीच नाही. धुतलेले स्फटिक तसेच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) टाकून ती गेली. दुसऱ्या टेबलावरच्या विद्यार्थिनीने पदार्थ एथिल अॅसिटेटमध्ये उकळला. तो पटकन विरघळेना, म्हणून आणखी द्रावक घातला, आणखी उकळलं, आणि शेवटी उघड्या बीकरमध्ये आटवून घट्ट केला. तिसऱ्या टेबलानेही तेच केलं, पण त्यांचा बीकर शनिवार-रविवार खिडकीजवळ उघडा राहिला.

जर्नलमध्ये तिसऱ्या टेबलाला सगळ्यात चांगला शेरा मिळाला होता. पदार्थ शुद्ध होत गेला की द्रवणांक वर सरकतो आणि त्याची कक्षा अरुंद होते, हे आपण बी.एस्सी.पासून घोकलेलं असतं. १३० हा आकडा ११५ पेक्षा वर, म्हणून हा नमुना जास्त शुद्ध. पहिल्या टेबलाला "रिक्रिस्टलायझेशन राहिले" असा लाल शेरा आणि दुसऱ्या टेबलाला प्रॅक्टिकल पुन्हा करायला सांगितलेलं. प्रत्यक्षात तिघांपैकी फक्त पहिल्या टेबलाकडेच डील्स-आल्डरचा पदार्थ शिल्लक होता.

संशयाची सुरुवात नेहमीप्रमाणे बाटल्यांपासून झाली. लॅबमधले मामा म्हणाले, "सर, पावसाळ्यात ही मलेइकची बाटली खराब होतेच, दरवर्षीचं आहे." त्यांचं निरीक्षण अगदी योग्य होतं. मलेइक अॅनहायड्राइड हवेतलं पाणी ओढून मलेइक आम्ल बनतं आणि जुलैतल्या पुण्याच्या हवेत त्याला पाण्याची ददात नसते. बाटलीतल्या वड्यांवर पांढरी भुकटी बसलेली होती, ती आम्लाचीच. पण तिन्ही टेबलांनी याच बाटलीतून वड्या घेतल्या होत्या आणि पहिल्या टेबलाला योग्य पदार्थ मिळाला होता. वडी फोडून आतला भाग तपासला तर ५२ ते ५४ अंशांना वितळला, गरम टोल्यूइनमध्ये पूर्ण विरघळला. मलेइक आम्ल टोल्यूइनमध्ये विरघळत नाही, खाली बसतं. त्यामुळे ही चाचणी साधी आणि पक्की. बाटली सुटली.

फ्युरानही तपासलं. ते ३१ अंशांनाच उकळतं आणि अतिशय ज्वालाग्राही आहे. उन्हाळ्यात पुण्यात दुपारी बाटली उघडली तर निम्मं हवेतच जायचं. पण ही बाटली फ्रीजमध्ये होती आणि सगळ्यांना तीच वापरायला दिली होती. मेल्टिंग पॉइंटचं उपकरण तिन्ही नमुन्यांना एकच. म्हणजे फरक पडला तो स्फटिक गाळल्यानंतरच.

इथे एका गोष्टीवर बोट ठेवायला हवं. जर्नलमध्ये तिन्ही टेबलांनी "कन्फर्मेटरी टेस्ट" म्हणून बेयरची चाचणी लिहिली होती: पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंग गेला, म्हणून दुहेरी बंध आहे, म्हणून संयुग बरोबर आहे. अपेक्षित पदार्थात दुहेरी बंध आहे हे खरं. पण तो मलेइक अॅनहायड्राइडमध्येही आहे आणि मलेइक आम्लातही आहे. ज्या तीन पदार्थांमध्ये गोंधळ होण्याची शक्यता आहे, ते तिन्ही जिच्यात पास होतात, ती चाचणी काहीच ठरवत नाही. मला या प्रॅक्टिकलमधली ही सगळ्यात गंभीर उणीव वाटते, रिक्रिस्टलायझेशनच्या त्या ओळीपेक्षाही गंभीर. चुकीची कृती एखाद्या दिवशी उघडी पडते; पण चुकीच्या पदार्थाला बरोबर म्हणणारी चाचणी ती चूक वर्षानुवर्षं झाकून ठेवते.

आता मुख्य मुद्दा. डील्स-आल्डर अभिक्रियेत चार पाय (π), म्हणजे दुहेरी बंधांतल्या, इलेक्ट्रॉनांचं डाइन आणि दोन पाय इलेक्ट्रॉनांचं डायनोफाइल एकत्र येतात आणि सहा कडांचं वलय एकाच टप्प्यात बनतं. मधे कुठलाही टिकाऊ आयन नाही, रॅडिकल नाही. डाइनच्या भरलेल्या सर्वोच्च ऑर्बिटलमधून डायनोफाइलच्या रिकाम्या ऑर्बिटलकडे इलेक्ट्रॉन झुकतात, आणि दोन्ही टोकांना एकाच वेळी बंध जुळतात. त्यासाठी डाइनचे दोन्ही दुहेरी बंध एकाच बाजूला वळलेले, म्हणजे एस-सिस रचनेत असावे लागतात. साधं ब्युटाडाइन बहुतेक वेळ एस-ट्रान्स रचनेत असतं, त्याला वळण्यासाठी थोडी ऊर्जा खर्च करावी लागते. फ्युरानमध्ये ऑक्सिजनने दोन्ही टोकं बांधून ठेवलेली असल्यामुळे ते कायमच एस-सिस असतं. म्हणून खोलीच्या तापमानालाही ते मलेइक अॅनहायड्राइडशी जुळतं.

ओटो डील्स आणि कुर्ट आल्डर यांनी कील विद्यापीठात केलेलं हे काम १९२८ साली छापून आलं. या पद्धतीने नैसर्गिक संयुगं बनवण्याचा हक्क त्यांनी त्या लेखातच स्वतःकडे राखून ठेवल्याचं जाहीर केलं होतं. त्यांना नोबेल मिळालं १९५० साली. त्याच वर्षी जानेवारीत पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. पुण्यात ऑरगॅनिक शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर आज पीएच.डी.साठी तीच इमारत असते, म्हणून ही दोन सालं एकत्र सांगितली की ती त्यांच्या लक्षात राहतात.

दोन पाय (π) बंध, म्हणजे दुहेरी बंधांतले कमकुवत बंध, जाऊन त्या जागी दोन सिग्मा, म्हणजे साधे एकेरी, बंध येतात. सिग्मा बंध जास्त मजबूत, म्हणून ऊर्जेच्या हिशोबात फायदा होतो. पण दोन मोकळ्या रेणूंचा एक रेणू होतो, म्हणजे एन्ट्रॉपीत (रेणूंच्या मोकळेपणात) तोटा, आणि हा तोटा तापमानाबरोबर वाढत जातो. साध्या डाइनच्या बाबतीत ऊर्जेचा फायदा इतका मोठा असतो की हा तोटा जाणवायला बरंच तापवावं लागतं. फ्युरानचं तसं नाही. फ्युरान स्वतः अॅरोमॅटिक आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन सगळ्या वलयात पसरलेले असल्यामुळे ते जास्त स्थिर असतं. अभिक्रिया होताना ती अॅरोमॅटिक स्थिरता मोडावी लागते, आणि मिळालेल्या फायद्यातला मोठा हिस्सा तिथेच खर्च होतो. उरतो तो फायदा इतका थोडा की जरा तापवलं की पारडं उलट्या बाजूला जातं आणि पदार्थाचं पुन्हा फ्युरान आणि मलेइक अॅनहायड्राइड होतं. हीच रेट्रो-डील्स-आल्डर.

गंमत म्हणजे या मुलांनी मागच्या सत्रात स्वतःच्या हाताने रेट्रो-डील्स-आल्डर केलेली होती. डायसायक्लोपेंटाडाइन १७० अंशांच्या आसपास तापवून त्यातून ४१ अंशांना उकळणारं सायक्लोपेंटाडाइन गोळा करायचं, हे प्रॅक्टिकल त्यांच्या जर्नलमध्ये होतं. पण तिथे त्याचं नाव "क्रॅकिंग" होतं. सायक्लोपेंटाडाइन स्वतःच डाइन आणि स्वतःच डायनोफाइल होऊन स्वतःशी जुळतं आणि तापवलं की सुटतं, ही तीच अभिक्रिया आहे हे त्यांना माहीत होतं. तेच फ्युरानच्या बाबतीत पाऊणशे अंशांनाच होऊ शकतं, हा धागा जोडायचा राहून गेला होता.

आता दुसऱ्या टेबलाकडे वळू. एथिल अॅसिटेट ७७ अंशांना उकळतं. त्यात पदार्थ विरघळवून उकळत ठेवला. ज्या क्षणी रेणू सुटला, त्या क्षणी ३१ अंशांना उकळणारं फ्युरान उघड्या बीकरमधून वर निघून गेलं. ते परत यायला जागाच नाही, म्हणून समतोल पुन्हा बसत नाही. उलटी अभिक्रियाच चालू राहते. विरघळत नाही म्हणून तिने आणखी द्रावक घातला, त्याने तर उलट्या वाटेला आणखी मदत केली. दोन रेणूंनी एकमेकांना गाठण्यावर जी अभिक्रिया अवलंबून आहे, ती द्रावण विरळ केलं की मंदावते. एका रेणूने आपलं आपण तुटायला मात्र द्रावण विरळ असल्याने काही फरक पडत नाही. शेवटी बीकरमध्ये जे उरलं ते मलेइक अॅनहायड्राइड, ५२ ते ५४ अंशांना वितळणारं. त्या विद्यार्थिनीने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं, कृतीत छापलेली पायरी तिने सगळ्यात काळजीपूर्वक केली होती, आणि नेमकी त्यामुळेच ती पुन्हा सुरुवातीच्या बाटलीपाशी येऊन पोहोचली.

हे नुसतं सांगून पटण्यासारखं नव्हतं. म्हणून पहिल्या टेबलाचे स्फटिक घेऊन सगळ्यांसमोर एक छोटा प्रयोग केला. लांब टेस्टट्यूबमध्ये थोडे स्फटिक, फ्युमहूडमध्ये, तेलाच्या बाथवर. पॅकिंगच्या खोक्याच्या पाइनवुडची एक पातळ काडी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून ट्यूबच्या तोंडाशी धरली. बाथ ११० च्या पुढे जात होता. स्फटिक आधी कडांना ओलसर दिसले, मग त्यांच्यातून बारीक बुडबुडे यायला लागले, आणि काडीचं टोक हिरवं होत गेलं. फ्युरानच्या वाफेची ही जुनी ओळख आहे. पायरोल असतं तर तांबडं झालं असतं. ट्यूबच्या वरच्या थंड भागात, काचेच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या सुया जमू लागल्या. मलेइक अॅनहायड्राइड सहज संप्लवन होऊन (वाफ होऊन पुन्हा थेट घन बनून) असंच वर बसतं. त्या सुया काढून तपासल्या: टोल्यूइनमध्ये विरघळल्या, ५३ च्या आसपास वितळल्या. ट्यूबच्या तोंडाला फ्युरान, गळ्याशी मलेइक अॅनहायड्राइड. एका पदार्थाचे दोन्ही मूळ घटक डोळ्यांसमोर वेगळे झाले. मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे कॅपिलरीतले बुडबुडे पण फ्युरानचेच होते!" होते. ११४ ते ११६ हा आकडा साध्या वितळण्याचा नाहीच. तो विघटनाचा आकडा आहे, म्हणून तापमान किती वेगाने चढवलं यावर तो काही अंश मागेपुढे होतो. बाथ सावकाश चढवला तर पदार्थ आधीच मोडायला लागतो आणि आकडा खाली येतो. वेगवेगळ्या पुस्तकांत या संयुगाचे वेगवेगळे आकडे दिसतात त्याचं मोठं कारण हेच.

वजनाचाही एक हिशोब मुलांकडून करून घेतला. १६६ पैकी ६८ भाग फ्युरान, म्हणजे ४१ टक्के. सगळं फ्युरान उडून गेलं तर रिक्रिस्टलायझेशननंतरचा "यील्ड" आधीच्या वजनाच्या ५९ टक्क्यांवर येईल. दुसऱ्या टेबलाच्या जर्नलमध्ये दोन्ही वजनं लिहिलेली होती आणि उरलेलं वजन त्याहूनही थोडं खाली होतं, जे मलेइक अॅनहायड्राइडच्या संप्लवनाशी जुळतं. रिक्रिस्टलायझेशनमध्ये माल कमी होतो म्हणून कुणी त्या आकड्याकडे बघितलं नव्हतं.

तिसऱ्या टेबलाचं प्रकरण एक पायरी पुढे गेलेलं. तिथेही उकळताना पदार्थ तुटला आणि मलेइक अॅनहायड्राइड मागे राहिलं. पण त्यांनी घेतलेलं एथिल अॅसिटेट वाळवलेलं नव्हतं. न वाळवलेल्या एथिल अॅसिटेटमध्ये साधारण ३ टक्क्यांपर्यंत पाणी मावतं. ६० मिली द्रावक घेतलं तर ते दीड ग्रॅमपेक्षा जास्त पाणी झालं, आणि ९८ ग्रॅम अॅनहायड्राइडचं आम्ल करायला १८ ग्रॅमच पाणी लागतं. त्या दीड ग्रॅममध्ये आठ ग्रॅम अॅनहायड्राइड उघडू शकतं. वर शनिवार-रविवारची पावसाळी हवा. सोमवारी बीकरमध्ये जे स्फटिक होते ते मलेइक आम्लाचे, ज्याचा द्रवणांक १३० ते १३९ च्या दरम्यान नोंदलेला असतो. सोडियम बायकार्बोनेटच्या थंड द्रावणात चिमूटभर टाकल्याबरोबर फसफसलं. पहिल्या टेबलाचे स्फटिक त्याच द्रावणात कितीतरी वेळ तसेच पडून होते.

म्हणजे द्रवणांक वर गेला होता हे खरं, पण पदार्थ शुद्ध झाल्यामुळे नव्हे. पदार्थच बदलला होता. द्रवणांकाची कक्षा अरुंद असणं म्हणजे "हा एकच पदार्थ आहे" एवढीच ग्वाही. तो कोणता पदार्थ, हे त्यातून कळत नाही. मिश्र द्रवणांक घेतला असता तर लगेच उलगडलं असतं: तिसऱ्या टेबलाचा नमुना बाटलीतल्या मलेइक आम्लात मिसळून आकडा पडतो का बघायचं. डिजिटल उपकरणं आल्यापासून ही जुनी सवय मागे पडली आहे, आणि ती परत यावी असं मला मनापासून वाटतं.

नंतर तिन्ही नमुन्यांचा प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते शिखरांवरून दाखवणारी तपासणी) करून आणला. दुसऱ्या नमुन्यात ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये ७.०५ पीपीएमला एकच शिखर, मलेइक अॅनहायड्राइडचं. तिसरा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळेना, म्हणून डीएमएसओमध्ये घेतला, ६.३ च्या जवळ दुहेरी बंधावरच्या दोन समान हायड्रोजनांचं एक शिखर, मलेइक आम्लाचं. पहिला नमुना मात्र बघण्यासारखा होता: ६.५७ ला नव्या दुहेरी बंधावरचे दोन हायड्रोजन, ५.४५ ला ऑक्सिजनच्या पुलाशेजारचे दोन, आणि ३.१८ ला अॅनहायड्राइडच्या बाजूचे दोन. हे शेवटचं शिखर सरळ एकेरी. त्याला फाटे नाहीत.

त्या एकेरी शिखरात या अभिक्रियेची पुढची गोष्ट दडलेली आहे. डायनोफाइल डाइनच्या खाली दोन पद्धतींनी येऊ शकतं. अॅनहायड्राइडचं वलय नव्याने होणाऱ्या दुहेरी बंधाच्या खाली दुमडलेलं असलं तर एंडो, ऑक्सिजनच्या पुलाच्या बाजूला वळलेलं असलं तर एक्सो. एंडो पदार्थात पुलाशेजारचा हायड्रोजन आणि अॅनहायड्राइडच्या बाजूचा हायड्रोजन यांच्यातला कोन असा असतो की ते एकमेकांना जाणवतात आणि शिखर फाटतं. एक्सो पदार्थात हा कोन जवळजवळ ९० अंशांचा. कपलिंग, म्हणजे हे एकमेकांना जाणवणं, शून्याजवळ, म्हणून शिखर एकेरी. पहिल्या टेबलाकडे एक्सो होतं.

मुलांचा प्रश्न लगेच आला, आणि तो योग्यच होता: "पण सर, आल्डरचा एंडो नियम?" आल्डर आणि श्टाइन यांनी १९३७ मध्ये मांडलेला हा नियम आपण पाठ करतो, आणि सायक्लोपेंटाडाइन-मलेइक अॅनहायड्राइडच्या जोडीत तो छान दिसतो: १६४ ते १६५ अंशांना वितळणारं एंडो मिळतं. ते उकळत्या एथिल अॅसिटेटमधून खुशाल रिक्रिस्टलाइझ करा, त्याला काही होत नाही. बहुधा त्याच प्रॅक्टिकलच्या कृतीतली ती ओळ फ्युरानच्या कृतीत जशीच्या तशी उतरली असावी. पण हा नियम कोणता पदार्थ आधी बनतो याबद्दल आहे, शेवटी कोणता उरतो याबद्दल नाही. फ्युरानच्या बाबतीतही एंडो पदार्थ वेगाने बनतो. तो तितक्याच सहज मोडतोही. सुटलेले रेणू पुन्हा जुळतात, पुन्हा सुटतात, आणि कधीतरी एक्सो बाजूने जुळतात. एक्सो जास्त स्थिर, ते सावकाश मोडतं, शिवाय स्फटिक होऊन द्रावणातून बाहेर पडतं. बंद फ्लास्कमध्ये दीड-दोन दिवस बाहेरून काहीच हालचाल दिसत नाही, पण आत ही निवड अखंड चालू असते. म्हणून कृतीत "हलवू नये, थांबावे" लिहिलेलं आहे, आणि म्हणून तासाभरात काम उरकायला जाणाऱ्याला इथे काही मिळत नाही. मलेइक अॅनहायड्राइडऐवजी मलेइमाइड घेतलं तर तापमान बदलून हे दोन्ही पदार्थ पकडता येतात: खोलीच्या तापमानाला मुख्यतः एंडो, ९० अंशांच्या आसपास तापवलं की एक्सो. मला विचाराल तर एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ही जोडी जास्त योग्य आहे, कारण गती आणि स्थिरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यात हाताने करून बघता येतं.

पहिल्या टेबलाचं एनएमआरचं द्रावण त्याच नळीत काही दिवस तसंच राहू दिलं आणि पुन्हा मोजलं. ७.०५ ला छोटं शिखर उगवलं होतं, आणि फ्युरानची ७.४४ आणि ६.३८ ला. विरळ द्रावणात, उकळी न लावताही, पदार्थ थोडाथोडा सुटत होता.

कृतीत बदल केले ते असे. रिक्रिस्टलायझेशनची ओळ काढली. स्फटिक गाळून बर्फात गार केलेल्या कोरड्या इथरने धुवायचे, खोलीच्या तापमानालाच डेसिकेटरमध्ये सुकवायचे, ओव्हनमध्ये नाही. मलेइक अॅनहायड्राइड जुलै-ऑगस्टमध्ये वापरण्याआधी गरम टोल्यूइनमध्ये विरघळवून, न विरघळलेलं आम्ल गाळून, गार करून घ्यायचं. बेयरच्या चाचणीऐवजी तीन गोष्टी: थंड बायकार्बोनेट, टोल्यूइनमधली विद्राव्यता आणि पाइनच्या काडीची चाचणी. द्रवणांकाच्या जागी "विघटन होते, बाथ किती वेगाने तापवला ते लिहा" असा रकाना. आणि समीकरणातला एकेरी बाण काढून दुहेरी बाण. हा शेवटचा बदल प्राध्यापिकेने स्वतः सुचवला, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. छापील एकेरी बाण मुलांना सांगतो की फ्लास्कमध्ये स्फटिक दिसले की काम संपलं.

पुढच्या बॅचला बदललेली कृती दिली. सगळ्या टेबलांवर बुडबुड्यांसह विघटन होणारा एकच पदार्थ मिळाला.

दुसऱ्या टेबलावरच्या त्या विद्यार्थिनीने आता यावरच प्रोजेक्ट घ्यायचं ठरवलं आहे. तिचा प्रश्न होता, उलटी वाट कायमची बंद करता येईल का? येते. रेट्रो अभिक्रियेसाठी नव्याने बनलेला दुहेरी बंध लागतो. खोलीच्या तापमानाला पॅलेडियम-कार्बनवर हायड्रोजन देऊन तो बंध संपवला की परत फ्युरान होण्याचा मार्गच उरत नाही. जे संयुग मिळतं त्याचं नाव नॉरकँथारिडिन. ते ११६ ते ११८ अंशांना वितळतं, म्हणजे जवळजवळ त्याच आकड्याला, फक्त बुडबुडे न येता. आणि ते उकळत्या द्रावकातून स्फटिकरूपात परत मिळतं. त्याचं मोठं भावंड कँथारिडिन, पावसाळ्यात बाजरीच्या कणसांवर येणाऱ्या हिंग्यांच्या अंगातलं फोड आणणारं विष, त्याच्या सांगाड्यावर दोन मिथिल गट जास्त आहेत. तेवढ्याने फ्युरान आणि डायमिथिल मलेइक अॅनहायड्राइड यांची थेट जोडी जमेनाशी होते: बनण्याची वाट अवघड आणि सुटण्याची सोपी. १९८० मध्ये डॉबेन आणि सहकाऱ्यांनी मिथिल गटांच्या जागी गंधकाचं वलय असलेलं अॅनहायड्राइड घेऊन, १५ किलोबार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे पंधरा हजार पट दाबाखाली हे जमवलं. दोन रेणूंचा एक होताना आकारमान घटतं, म्हणून दाब वाढवला की पारडं जोडण्याच्या बाजूला झुकतं. नंतर निकेलने गंधक काढून मिथिल गट मोकळे केले. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये तेवढा दाब मिळणार नाही. हायड्रोजनचा फुगा आणि पॅलेडियम मिळेल, आणि नॉरकँथारिडिनही विषारी असल्यामुळे हातमोजे आणि फ्युमहूड न सोडता ते तेवढ्यावर करता येईल. पॅलेडियमची मागणी स्टोअरला गेली आहे.